कार्डाची कंपनी बदलली आणि गेममधला पर्याय गायब? या क्रमाने तपासा

एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड काढून एएमडीचं बसवलं, किंवा उलटं केलं, किंवा इंटेल आर्क घेतलं, की बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच असतो: "आधी होतं ते आता का दिसत नाही?" ओळखीपाळखीत ही तक्रार इतक्यांदा सोडवली आहे की हल्ली निम्म्याहून जास्त प्रकरणं फोनवरच मिटतात. कार्ड खरोखर बिघडलेलं फार क्वचित निघतं. आपण ज्याला 'कार्डाची सुविधा' म्हणतो ती नेहमी कार्डातच असते असं नाही. कधी ती चिपमध्ये असते, कधी ड्रायव्हरमध्ये, कधी विंडोजमध्ये, कधी गेममध्ये, तर कधी मॉनिटर आणि केबलमध्ये. कंपनी बदलली की तीच सुविधा एका जागेवरून दुसऱ्या जागी जाते, आणि आपण ती जुन्याच जागी शोधत बसतो.

लक्षणं

यातलं एक किंवा जास्त दिसत असेल तर पुढचं तुमच्यासाठी आहे:

- गेमच्या सेटिंगमध्ये डीएलएसएस (एनव्हिडियाची गेमचा वेग वाढवायची सुविधा) दिसतच नाही, किंवा दिसतं पण करडं असतं, निवडता येत नाही.
- अपस्केलिंग (कमी रिझोल्यूशनवर बनवलेलं चित्र मोठं करणं) चालतं, फ्रेम जनरेशन (खऱ्या फ्रेमच्या मध्ये बनवलेल्या फ्रेम घालणं) मात्र सुरू होत नाही.
- जी-सिंक किंवा फ्रीसिंकचा (मॉनिटरचा रिफ्रेश दर गेमच्या फ्रेमशी जुळवणारा) पर्याय नाहीसा झाला आणि चित्र मधूनच फाटल्यासारखं दिसतं. किंवा पर्याय चालू आहे, पण मेन्यू आणि लोडिंगच्या वेळी उजेड लुकलुकतो.
- रंग फिके पडले, काळा रंग राखी दिसतो.
- रेकॉर्डिंग किंवा स्ट्रीम सुरू करताच एन्कोडरची (व्हिडिओ दाबून लहान करणाऱ्या भागाची) एरर येते.
- नवं कार्ड कागदावर वेगवान, पण गेम जुन्या कार्डापेक्षा जास्त अडखळतो.

स्क्रीनवर रंगीत ठिपके किंवा चौकोन येत असतील, पीसी खेळताना एकदम बंद पडत असेल किंवा जळका वास येत असेल, तर मधलं काही करू नका. थेट शेवटच्या भागावर जा.

आधी नावं जुळवा

याला खर्च काही नाही आणि कॅबिनेटही उघडावं लागत नाही. तरीही बहुतेक जण हीच पायरी गाळतात.

डीएलएसएस फक्त एनव्हिडियाच्या आरटीएक्स कार्डांवर चालतं, कारण त्याचं गणित त्या चिपमधल्या टेन्सर कोअरवर होतं. एएमडी किंवा इंटेलच्या कार्डावर ते मिळणार नाही. तिथे डोकं आपटून उपयोग नाही. जीटीएक्स १६५० आणि १६६० वाल्यांची इथे हमखास फसगत होते. ही कार्डं आरटीएक्स २० च्याच ट्युरिंग पिढीची, २०१९ मध्ये आलेली, पण त्यांत टेन्सर कोअर नाहीत, म्हणून डीएलएसएस नाही.

आरटीएक्स असलं तरी सगळंच मिळतं असं नाही. अपस्केलिंग आरटीएक्स २० पासून आहे. फ्रेम जनरेशन २०२२ मध्ये आलेल्या आरटीएक्स ४० पासून. दोन खऱ्या फ्रेमच्या मध्ये एकाहून जास्त फ्रेम घालणारं मल्टी फ्रेम जनरेशन २०२५ च्या आरटीएक्स ५० वर. हा घोळ कंपनीने आकड्यांमुळे स्वतःच वाढवला आहे. 'डीएलएसएस ४' या नावाखाली सुधारलेलं अपस्केलिंग २०१८ च्या आरटीएक्स २० वरही चालतं, पण त्याच नावाखालचं मल्टी फ्रेम जनरेशन तिथे चालत नाही. त्यामुळे 'माझं कार्ड डीएलएसएस ४ चालवतं का' याचं एका शब्दात उत्तर देता येत नाही. कोणता भाग, ते विचारावं लागतं.

एएमडीच्या एफएसआरचं (डीएलएसएसच्या जोडीची एएमडीची सुविधा) बरोबर उलटं. २०२१ ची पहिली, २०२२ ची दुसरी आणि २०२३ ची फ्रेम जनरेशनसकट आलेली तिसरी आवृत्ती टेन्सर कोअरसारखं खास हार्डवेअर मागत नाही, म्हणून ती कोणत्याही कंपनीच्या कार्डावर चालते. एफएसआर ४ मात्र मशीन लर्निंगवर बेतलेलं आहे आणि २०२५ मध्ये ते आलं ते आरएक्स ९००० मालिकेसाठी. आरएक्स ७९०० एक्सटीएक्स कितीही दणकट असलं तरी ते आधीच्या पिढीचं. आणि आरएक्स ९००० वाल्यांची नेहमीची तक्रार: "गेममध्ये एफएसआर ३.१ च लिहिलेलं आहे, ४ कुठेय?" ते बऱ्याचदा गेममध्ये नसतंच. अ‍ॅड्रेनलिन या एएमडीच्या सॉफ्टवेअरमध्ये एफएसआर ४ चा खटका चालू करायचा, गेममध्ये ३.१ निवडायचं, आणि ज्या गेमना मान्यता आहे तिथे ड्रायव्हर आतल्या आत अदलाबदल करतो. मेन्यूवरचा आकडा बदलत नाही.

इंटेलचं अपस्केलिंग, म्हणजे एक्सईएसएस, तिन्ही कंपन्यांच्या कार्डांवर चालतं, पण आर्कवर ते चिपमधल्या एक्सएमएक्स युनिटवर चालतं आणि इतरत्र साध्या मार्गाने. चित्राचा दर्जा आणि वेग दोन्हींत फरक पडतो. दुसऱ्याच्या आर्कवर सुंदर दिसलेलं एक्सईएसएस तुमच्याकडे तितकं न दिसणं हा बिघाड नाही.

रे ट्रेसिंगचा (प्रकाशकिरणांचं गणित करून उजेड-सावल्या दाखवण्याचा) पर्याय करडा दिसत असेल तर पिढी बघा. एएमडीत त्यासाठीचं हार्डवेअर २०२० च्या आरएक्स ६००० पासून आहे, आरएक्स ५७०० मध्ये नाही.

बाकीच्या जोड्या थोडक्यात. एनव्हिडियाचं डीएसआर (जास्त रिझोल्यूशनवर चित्र बनवून ते लहान करणं) म्हणजे एएमडीचं व्हर्च्युअल सुपर रिझोल्यूशन. एनव्हिडियाचं इमेज स्केलिंग (ड्रायव्हरमधलं अपस्केलिंग) म्हणजे एएमडीचं आरएसआर. रिफ्लेक्स आणि अँटी-लॅग यांचा हेतू एकच, बटण दाबल्यापासून चित्र दिसेपर्यंतचा उशीर कमी करणं. पण रिफ्लेक्स गेमच्या मेन्यूत असतं आणि साधं अँटी-लॅग ड्रायव्हरमध्ये. ड्रायव्हरने गेमच्या कामात परस्पर हात घातला तर काय होतं याचा नमुना २०२३ च्या ऑक्टोबरात दिसला. एएमडीचं अँटी-लॅग प्लस चालू असलेल्या काउंटर-स्ट्राइक २ च्या खेळाडूंवर बंदी आली आणि एएमडीला ती सुविधा मागे घ्यावी लागली. पुढचं अँटी-लॅग २ मग गेमच्या आतूनच द्यायचं ठरलं. म्हणूनच गेमच्या डीएलएल (प्रोग्रामचे सुटे भाग असलेल्या) फायली बदलून किंवा बाहेरचं टूल लावून 'नसलेला' पर्याय आणण्याचे उपाय ऑनलाइन गेममध्ये करू नका. एकट्याने खेळायच्या गेममध्ये हवी तेवढी हौस करा.

चिपमध्येच नसलेली गोष्ट हवी असेल तर शोध इथेच थांबवा. ड्रायव्हर दहा वेळा टाकूनही ती येणार नाही.

गेमच्या आत

कार्डाला जमतं हे नक्की झालं, तरी पर्याय दिसत नाही? गेम कोणत्या मोडमध्ये सुरू होतोय ते बघा. काही गेम सुरू होताना डायरेक्टएक्स (गेम आणि कार्ड यांच्यातला विंडोजचा दुवा) ११ आणि १२ यांत निवड करायला लावतात. अपस्केलिंग आणि रे ट्रेसिंगचे पर्याय तिथे बहुधा फक्त १२ मध्ये उघडतात, आणि लाँचर मागची निवड लक्षात ठेवतो. कधीकाळी जुन्या कार्डासाठी ११ निवडलेलं असेल तर आजही तेच चालू असतं.

दुसरी नेहमीची गोष्ट म्हणजे गेमची जुनी सेटिंग फाइल. तिच्यात आधीच्या कार्डाचा अपस्केलर लिहिलेला असतो. नव्या कार्डावर तो सापडत नाही, आणि काही गेम मग गप्प बसून पूर्ण रिझोल्यूशनवर चालतात. वेग का पडला, कळत नाही. गेममधली ग्राफिक्स सेटिंग मूळ स्थितीत आणा. तरीही जमलं नाही तर सेटिंग फाइलची प्रत बाजूला ठेवून मूळ फाइल काढा, गेम नवी बनवेल. सेव्ह फाइल वेगळी असते, पण हात लावण्याआधी खात्री करून घ्या.

एफएसआर ३ च्या सुरुवातीच्या आवृत्तीत फ्रेम जनरेशन हवं असेल तर अपस्केलिंगही एफएसआरचंच घ्यावं लागायचं. ३.१ पासून ही गाठ सुटली. म्हणजे गेम बनवणाऱ्यांनी सोय ठेवली असेल तर आरटीएक्स ३० वाले अपस्केलिंगला डीएलएसएस आणि फ्रेम जनरेशनला एफएसआर असं घेऊ शकतात. माझ्या मते त्या पिढीसाठी फुकटात मिळणारी याहून चांगली गोष्ट नाही. एक मात्र लक्षात ठेवा, फ्रेम जनरेशनच्या आधी खऱ्या फ्रेम सेकंदाला ६० च्या आसपास हव्यात. ३० वरून दुप्पट केलेला आकडा ६० दिसतो, हाताला मात्र ३० च जाणवतो.

नवं कार्ड लावल्यावर पहिल्या काही तासांत गेम अडखळणं स्वाभाविक आहे. शेडर (चित्र रंगवणारे छोटे प्रोग्राम) नव्या चिपसाठी पुन्हा तयार होत असतात. मेन्यूत 'शेडर तयार होत आहेत' अशी पट्टी दिसली तर ती पूर्ण होऊ द्या, मगच निकाल द्या.

केबल, पोर्ट, मॉनिटर

हसू नका, पण आधी बघा की केबल कार्डाला लावली आहे, मदरबोर्डाला नाही. पीसी पुन्हा जोडताना ही गफलत अजूनही होते, आणि मग सगळे पर्याय प्रोसेसरमधल्या लहानशा ग्राफिक्सचे दिसतात.

जी-सिंक आणि फ्रीसिंकच्या तक्रारींत मला सर्वात जास्त वेळा सापडलेलं कारण म्हणजे एचडीएमआय. एएमडी फ्रीसिंक एचडीएमआयवरून बऱ्याच आधीपासून चालवत आलं आहे. जुना फ्रीसिंक मॉनिटर एचडीएमआयने जोडून एएमडी कार्डावर छान चालत होता, आणि एनव्हिडिया लावल्यावर पर्यायच नाही, असं होतं ते यामुळे. एनव्हिडियाने २०१९ च्या जानेवारीत जीटीएक्स १० आणि पुढच्या कार्डांवर अशा मॉनिटरना पाठिंबा दिला तो डिस्प्लेपोर्टवरून. एचडीएमआयवर मॉनिटर किंवा टीव्हीला एचडीएमआय २.१ चं व्हीआरआर (बदलता रिफ्रेश दर) असावं लागतं. उपाय साधा आहे: डिस्प्लेपोर्ट केबल लावा.

उलटा प्रवासही असतो. एनव्हिडियाचं स्वतःचं मॉड्यूल आत असलेले सुरुवातीचे जी-सिंक मॉनिटर एएमडी किंवा इंटेल कार्डावर बदलता रिफ्रेश दर देत नाहीत. त्याला सॉफ्टवेअरमधून इलाज नाही.

मॉनिटरच्या स्वतःच्या बटणांच्या मेन्यूत 'अ‍ॅडॅप्टिव्ह सिंक' किंवा 'फ्रीसिंक' चालू आहे का, हेही बघा. तिथे बंद असेल तर कार्डाला ते दिसतच नाही. लुकलुकण्याचं कारण बहुधा वेगळं असतं. फ्रेम मॉनिटरच्या खालच्या मर्यादेखाली उतरल्या की दर उड्या मारतो, आणि लोडिंगच्या वेळी तो हमखास उड्या मारतो. काही पॅनेलवर ते दिसतं, काहींवर नाही. फ्रेमला वरची मर्यादा घाला आणि फक्त मेन्यूतच होत असेल तर सोडून द्या.

फिक्या रंगांचा इलाज मिनिटाचा आहे. एचडीएमआयवर कार्ड कधी कधी मॉनिटरला टीव्ही समजून रंगांची मर्यादित श्रेणी पाठवतं. एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये आउटपुट डायनॅमिक रेंज 'फुल' करा. अ‍ॅड्रेनलिनमध्ये पिक्सेल फॉरमॅट 'फुल आरजीबी' करा.

विंडोज

विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये रिफ्रेश दर बघा. नवं कार्ड लावल्यावर १४४ किंवा १६५ हर्ट्झचा मॉनिटर गुपचूप ६० वर आलेला सापडतो.

त्यानंतर ग्राफिक्स सेटिंगमधलं 'हार्डवेअर-अ‍ॅक्सिलरेटेड जीपीयू शेड्युलिंग' चालू करा आणि पीसी पुन्हा सुरू करा. हे बंद असेल तर आरटीएक्स ४० वर डीएलएसएस फ्रेम जनरेशन करडं राहतं. 'अपस्केलिंग चालतं, फ्रेम जनरेशन नाही' या तक्रारीत योग्य कार्ड असूनही अडलेल्यांचं काम बहुतेक वेळा इथेच होतं. लॅपटॉप असेल तर त्याच पानावर गेमचं नाव निवडून त्याला वेगवान जीपीयू नेमून द्या, नाहीतर गेम प्रोसेसरच्या ग्राफिक्सवर चालत राहतो.

ड्रायव्हर: दोन कंपन्यांचा संसार

इथून पुढे थोडा धोका आहे, म्हणून ही पायरी इतक्या उशिरा. जुन्या कंपनीचा ड्रायव्हर नुसता पडून राहिला तर दर वेळी त्रास होतोच असं नाही. पण त्याचे ओव्हरले, पार्श्वभूमीच्या सेवा आणि गेमसाठी ठेवलेल्या नोंदी नव्याशी भांडतात तेव्हा लक्षणं विचित्र असतात: पर्याय आज दिसतो, उद्या नाही.

क्रम असा ठेवा. नवा ड्रायव्हर कंपनीच्या साइटवरून आधी उतरवून ठेवा. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कचं कुलूप) चालू असेल तर रिकव्हरी की हाताशी ठेवा, कारण सेफ मोडमध्ये जाताना ती मागितली जाऊ शकते. इंटरनेट तोडा, नाहीतर विंडोज अपडेट मध्येच स्वतःच्या पसंतीचा जुना ड्रायव्हर टाकून मोकळं होतं. सेफ मोडमध्ये डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर, म्हणजे सगळे ज्याला डीडीयू म्हणतात ते, चालवा आणि जुन्या कंपनीचं सगळं काढा. पुन्हा सुरू करा, नवा ड्रायव्हर टाका, मग इंटरनेट जोडा. दर अपडेटला डीडीयू चालवायची सवय काहींना असते. मला ते अनाठायी वाटतं. कंपनी बदलताना किंवा साधं अपडेट फसल्यावर पुरे.

नव्या ड्रायव्हरमध्ये एकच काम दोन ठिकाणी चालू नाही ना, ते बघा. एएमडीवर हायपर-आरएक्सचं एक बटण दाबलं की अनेक गोष्टी एकदम चालू होतात. गेममध्येही एफएसआर चालू असेल तर चित्रावर दोनदा स्केलिंग आणि दोनदा शार्पनिंग होऊन ते एकाच वेळी धूसर आणि खरखरीत दिसतं. गेममधला पर्याय असेल तर तोच ठेवा, ड्रायव्हरमधला बंद करा. गेमच्या आतल्या अपस्केलरला वस्तू कुठल्या दिशेने सरकतेय ते माहीत असतं. ड्रायव्हरच्या हाती फक्त तयार चित्र येतं. हाच फरक एएमडीच्या एएफएमएफमध्येही आहे. ते आरएक्स ६००० पासून जवळपास कोणत्याही गेममध्ये ड्रायव्हरमधून फ्रेम घालतं, पण गेममधल्या फ्रेम जनरेशनच्या तोडीचं दिसत नाही. आणि "एएफएमएफ चालतच नाही, आकडा तेवढाच आहे" ही तक्रार आली तर आधी विचारा, आकडा कुठे बघताय? गेमच्या आतल्या मीटरला या फ्रेम दिसत नाहीत, अ‍ॅड्रेनलिनच्या ओव्हरलेत दिसतात.

रेकॉर्डिंगची एररही याच गटातली. ओबीएस या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरच्या प्रोफाइलमध्ये एनव्हिडियाचा एनव्हेंक एन्कोडर निवडलेला राहतो आणि कार्ड आता एएमडीचं असतं. आउटपुटमध्ये एएमडीचा हार्डवेअर एन्कोडर निवडा, इंटेल असेल तर क्विक सिंक. मात्र आरएक्स ६४०० किंवा ६५०० एक्सटी असेल तर शोधू नका, त्या चिपमध्ये व्हिडिओ एन्कोडरच नाही. एव्ही१ या व्हिडिओ फॉरमॅटमध्ये रेकॉर्ड करायचं तर आरटीएक्स ४०, आरएक्स ७००० किंवा आर्क यांच्या पिढीपासून पुढचं कार्ड लागतं.

बायोस

इंटेल आर्क घेतलं आणि गेम अडखळतो, तर रिसायझेबल बार चालू आहे का ते सर्वात आधी बघायला हवं. यामुळे प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम दिसते, लहान खिडकीतून तुकड्यातुकड्याने नाही. एनव्हिडिया आणि एएमडीवर याने थोडाफार फरक पडतो. आर्कवर याच्याशिवाय खेळण्यात अर्थ नाही, आणि इंटेल स्वतःही हेच सांगतं. जीपीयू-झेड या फुकट टूलमध्ये ते चालू आहे की नाही कळतं. साधारणपणे इंटेलची दहावी पिढी किंवा रायझन ३००० आणि पुढचे प्रोसेसर लागतात.

बायोसमध्ये (मदरबोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) 'अबव्ह ४जी डिकोडिंग' आणि 'रिसायझेबल बार' चालू करायचं, आणि 'सीएसएम' (जुन्या पद्धतीने पीसी सुरू करण्याची सोय) बंद. इथे थांबा आणि आधी डिस्क मॅनेजमेंटमध्ये विंडोजची डिस्क जीपीटी (मांडणीचा नवा प्रकार) आहे की एमबीआर (जुना) ते बघा. एमबीआर असताना सीएसएम बंद केलं तर विंडोज सुरूच होणार नाही. तसं झालं तर घाबरू नका, सीएसएम पुन्हा चालू केलं की येईल. एमबीआरचं जीपीटी करायचं टूल विंडोजमध्ये आहे, पण बॅकअप घेतल्याशिवाय त्याला हात लावू नका. हे वाक्य वाचून पोटात गोळा आला असेल तर ही पायरी दुसऱ्या कुणाकडून करून घ्या.

जुन्या मदरबोर्डावर आणखी एक गोष्ट असते. आरएक्स ६५०० एक्सटी स्लॉटच्या फक्त ४ लेन (डेटाच्या वाटा) वापरतं, आरटीएक्स ४०६० फक्त ८. पीसीआय एक्सप्रेस ३.० च्या बोर्डावर त्या लेनचा वेगही निम्मा होतो. लेनची कमतरता सेटिंग बदलून भरून निघत नाही.

इथे थांबा

जळका वास, वितळलेला किंवा काळपट कनेक्टर: वीज बंद करा, पुन्हा चालू करून 'एकदा बघू' म्हणू नका. १२ व्होल्टचा नवा १६ पिनी कनेक्टर असलेल्या कार्डांत प्लग पूर्ण आत बसला नसेल तर तो तापतो. आरटीएक्स ४०९० च्या वेळी २०२२ मध्ये हे बरंच गाजलं होतं. प्लग वितळला असेल तर कार्ड आणि पॉवर सप्लाय दोन्ही तपासून घ्यावे लागतात, नुसती केबल बदलून भागत नाही.

बायोसच्या पडद्यावरच ठिपके किंवा चौकोन दिसत असतील तर ड्रायव्हर अजून आलेलाच नाही, म्हणजे दोष ड्रायव्हरचा नाही. कार्ड दुसऱ्या पीसीत लावून बघता आलं तर बघा. तिथेही तेच दिसलं तर वॉरंटीत द्या. कूलर उघडू नका, कारण काही कंपन्या त्यावरून वॉरंटी नाकारतात. गेममध्ये भार येताच पीसी बंद पडत असेल तर पॉवर सप्लाय मोजणाऱ्याकडे न्या. तो घरी उघडायचा नाही, प्लग काढल्यावरही आत वीज साठलेली असते. कार्डाचा स्वतःचा बायोस बदलणं आणि लॅपटॉप उघडणं हीसुद्धा तंत्रज्ञाचीच कामं.

तंत्रज्ञाकडे देताना सोबत एक कागद द्या: कार्डाचं पूर्ण नाव, आधी कोणतं होतं, ड्रायव्हरची आवृत्ती, मॉनिटर कोणत्या केबलने जोडलाय, आणि वर काय काय करून झालं. नाहीतर तोही सेफ मोडपासून सुरुवात करेल आणि तेवढ्या वेळाचे पैसे लावेल.